विंडोजमधील पार्श्वभूमी सेवा

पार्श्वभूमी सेवा किंवा सर्व्हिस म्हणजे पडद्यावर स्वतःची खिडकी न उघडता आणि वापरकर्त्याच्या थेट आदेशाची वाट न पाहता संगणकावर चालत राहणारा प्रोग्राम होय. मायक्रोसॉफ्ट विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये छपाई, ध्वनी, नेटवर्कची जोडणी, फाइलींचा शोध, सुरक्षा आणि अद्यतने अशी अनेक कामे सेवांमार्फत होतात. संगणक मंद झाल्यास अनावश्यक सेवा बंद करणे हा दीर्घकाळ प्रचलित असलेला उपाय आहे.

या उपायाचा लाभ संबंधित सेवा प्रत्यक्षात किती साधने वापरत होती यावर अवलंबून असतो. निष्क्रिय सेवा बंद केल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. नेटवर्कवरून संपर्क साधता येणारी अनावश्यक सेवा बंद केल्यास मात्र वेग वाढला नाही तरी संगणकाची सुरक्षितता वाढते. याउलट, सुरक्षेशी संबंधित सेवा वेगासाठी बंद केल्यास संगणक हल्ल्यांना उघडा पडतो.

नाव आणि उगम

पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रामची कल्पना विंडोजपेक्षा जुनी आहे. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करणाऱ्या गटाने अशा प्रोग्रामला ‘डीमन’ असे नाव दिले. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या विचारप्रयोगातील, रेणूंची अविरत वर्गवारी करणाऱ्या काल्पनिक जीवावरून हे नाव घेण्यात आले होते. पुढे युनिक्स आणि लिनक्समध्ये तेच नाव रूढ झाले. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विंडोज एनटी ३.१ मध्ये याच स्वरूपाच्या प्रोग्रामसाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द वापरला.

रचना

विंडोजमधील सेवांचे नियंत्रण ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ हा घटक करतो. संगणक सुरू होताना तो रजिस्ट्रीमधील नोंदी वाचतो आणि कोणती सेवा केव्हा सुरू करायची हे ठरवतो. त्यामुळे वापरकर्त्याने लॉगिन करण्यापूर्वीच अनेक सेवा चालू झालेल्या असतात. प्रत्येक सेवेला प्रारंभ-प्रकार नेमून दिलेला असतो. मुख्य प्रारंभ-प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

- ऑटोमॅटिक : संगणक सुरू होताना सेवा आपोआप सुरू होते.
- ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट : सेवा आपोआप, परंतु सामान्यतः सुमारे २ मिनिटे उशिरा सुरू होते. हा प्रकार विंडोज व्हिस्टामध्ये आला.
- मॅन्युअल : दुसऱ्या प्रोग्रामने किंवा सेवेने मागणी केल्यावरच सेवा सुरू होते.
- डिसेबल्ड : मागणी झाली तरी सेवा सुरू होत नाही.

‘मॅन्युअल’ या शब्दावरून ती सेवा वापरकर्त्याने स्वतः सुरू करावी लागते असा समज होतो, परंतु तसे नाही. गरज निर्माण झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच ती सुरू करते. विंडोज ७ पासून यात आणखी सुधारणा झाली. एखादे उपकरण जोडणे किंवा नेटवर्क उपलब्ध होणे अशी विशिष्ट घटना घडल्यावरच सुरू होणाऱ्या सेवा त्यात शक्य झाल्या.

बऱ्याच सेवा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून न चालता ‘सर्व्हिस होस्ट’ या सामायिक प्रोग्रामच्या आत चालतात. पूर्वी एका सर्व्हिस होस्टमध्ये अनेक सेवा एकत्र असत. त्यामुळे साधनांवर ताण कोणत्या सेवेमुळे येत आहे हे कळणे कठीण जाई. २०१७ मधील विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून, ३.५ गिगाबाइटपेक्षा जास्त मेमरी असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवा स्वतंत्र सर्व्हिस होस्टमध्ये चालवल्या जातात. यामुळे यादीतील नोंदींची संख्या बरीच वाढली. परंतु सेवांची संख्या त्या प्रमाणात वाढली असा त्याचा अर्थ होत नाही.

संगणकाच्या वेगावरील परिणाम

सेवा मुख्यतः तीन साधने वापरतात: प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क.

प्रोसेसर : काम नसलेली सेवा एखाद्या घटनेची वाट पाहत थांबलेली असते. या अवस्थेत ती प्रोसेसरचा वेळ जवळजवळ घेत नाही. त्यामुळे अशा २० सेवा बंद केल्या तरी प्रोसेसरवरील भार कमी झाल्याचे दिसत नाही. सतत काम करणारी किंवा बिघाडामुळे एकच क्रिया पुन्हा पुन्हा करणारी एक सेवा मात्र संपूर्ण संगणक मंद करू शकते.

मेमरी : प्रत्येक चालू सेवा काही मेमरी व्यापते. समजा, १० निष्क्रिय सेवा प्रत्येकी ५ मेगाबाइट मेमरी वापरत असतील, तर त्या बंद केल्याने ५० मेगाबाइट मेमरी मोकळी होईल. ४ गिगाबाइट मेमरीच्या संगणकात हे प्रमाण सुमारे १.२ टक्के भरते. ब्राउझरमधील काही पाने बंद केल्याने याहून अधिक मेमरी मोकळी होऊ शकते.

डिस्क : जुन्या संगणकांत सेवांचा परिणाम सर्वाधिक येथे जाणवतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. हवी असलेली माहिती वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ त्याव्यतिरिक्त असतो. परिणामी, डिस्कवर विखुरलेल्या ठिकाणांची अशी वाचने सेकंदाला साधारण १०० च्या आसपासच होऊ शकतात. संगणक सुरू होताना अनेक सेवा एकाच वेळी डिस्ककडे माहिती मागतात, तेव्हा वाचनशीर्षाला सतत इकडून तिकडे जावे लागते आणि सर्वच कामे रखडतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे भाग नसल्याने ही अडचण उद्भवत नाही. त्यामुळे हार्ड डिस्कच्या संगणकावर गुणकारी ठरलेला उपाय सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या संगणकावर निष्प्रभ ठरू शकतो.

इतिहास

विंडोज २००० आणि विंडोज एक्सपीच्या काळात संगणकांची मेमरी मर्यादित होती आणि अनेक सेवा गरज नसतानाही आपोआप सुरू होत असत. त्या काळात कोणती सेवा बंद करता येते याची कोष्टके संकेतस्थळांवर प्रसिद्ध होऊ लागली. ब्लॅक व्हायपर या नावाने ओळखले जाणारे संकेतस्थळ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होते.

मायक्रोसॉफ्टच्या धोरणात बदल झाला तो मात्र मुख्यतः सुरक्षेच्या कारणामुळे. विंडोज २००० सर्व्हरमध्ये आयआयएस ही वेब सेवा मूळ मांडणीतच स्थापित होत असे. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ या संगणकीय किड्याने तिच्याशी संबंधित त्रुटीचा उपयोग करून जगभरातील संगणक बाधित केले. वेब सेवेची गरज नसताना ती चालू असलेले संगणकही या हल्ल्याच्या कक्षेत आले. त्यानंतर, जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीतील सर्वांना पाठवलेल्या पत्रात सुरक्षेला नव्या सुविधांपेक्षा अग्रक्रम देण्याची भूमिका मांडली. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आयआयएस मूळ मांडणीत स्थापित होणे बंद झाले.

घरगुती संगणकांबाबतही असेच घडले. स्थानिक नेटवर्कवर सूचना पाठवण्यासाठी असलेल्या ‘मेसेंजर’ सेवेचा गैरवापर करून अनोळखी जाहिराती थेट पडद्यावर झळकवल्या जात. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ही सेवा मूळ स्थितीत बंद ठेवण्यात आली आणि फायरवॉल चालू ठेवण्यात आली. त्यापुढील आवृत्त्यांत अधिकाधिक सेवा ‘मॅन्युअल’ किंवा घटनाधारित करण्यात आल्या. एक्सपीच्या काळातील कोष्टके आजच्या विंडोजला जशीच्या तशी लागू न पडण्याचे हे प्रमुख कारण आहे.

भार टाकणारी सेवा ओळखणे

सेवा बंद करण्यापूर्वी मंदपणाचे कारण शोधणे आवश्यक असते. संगणक सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे साधनांचा वापर स्वाभाविकपणे अधिक असतो. त्यामुळे निरीक्षण साधारण १० मिनिटांनंतर करणे योग्य ठरते. टास्क मॅनेजरमधील प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या स्तंभांच्या शीर्षकांवर क्लिक केल्यास सर्वाधिक वापर करणारे प्रोग्राम वर येतात. सर्व्हिस होस्टच्या नोंदीपुढील बाण उघडल्यावर तिच्या आतील सेवेचे नाव दिसते. डिस्कवर नेमक्या कोणत्या फाइलींचे वाचन-लेखन चालू आहे हे ‘रिसोर्स मॉनिटर’ दाखवतो.

मंदपणाचे कारण सेवांमध्ये आहे की अन्यत्र, हे ठरवण्यासाठी ‘क्लीन बूट’ ही पद्धत वापरतात. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ या साधनात मायक्रोसॉफ्टच्या सर्व सेवा लपवण्याचा पर्याय निवडल्यावर केवळ अन्य कंपन्यांच्या सेवा यादीत उरतात. त्या तात्पुरत्या बंद करून संगणक पुन्हा सुरू करतात. वेगात फरक पडल्यास निम्म्या सेवा पुन्हा चालू करून पाहतात आणि अशा रीतीने दोषी सेवेपर्यंत पोहोचतात. यादीत १६ सेवा असतील आणि दोष एकाच सेवेत असेल, तर दर वेळी निम्म्या वगळत गेल्यास ४ चाचण्यांत ती सापडते.

बंद करण्याची पद्धत

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ हे नाव रोमन अक्षरांत टंकल्यास सेवांची संपूर्ण यादी उघडते. बदल करण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. सामान्यतः पुढील क्रम पाळला जातो:

१. सेवेचे नाव आणि तिचा मूळ प्रारंभ-प्रकार लिहून ठेवणे.
२. ‘डिपेंडन्सीज’ या विभागात कोणत्या अन्य सेवा तिच्यावर अवलंबून आहेत हे पाहणे.
३. सेवा केवळ थांबवून काही काळ संगणक वापरून पाहणे. नुसती थांबवलेली ‘ऑटोमॅटिक’ सेवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत चालू होत असल्याने ही चाचणी तुलनेने निर्धोक असते.
४. अडचण न आल्यास प्रारंभ-प्रकार प्रथम ‘मॅन्युअल’ करणे. ती सेवा कधीच नको असल्याची खात्री असेल तरच ‘डिसेबल्ड’ निवडणे.
५. एका वेळी एकच बदल करून संगणक पुन्हा सुरू करणे आणि परिणाम पाहणे.

पाचव्या टप्प्यावर ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ निवडणे महत्त्वाचे असते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सुविधा उपलब्ध आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यास सिस्टिमची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढील वेळी तीच पुन्हा उचलली जाते. त्यामुळे सेवा नव्याने सुरू होत नाहीत आणि बदलाचा खरा परिणाम दिसत नाही.

बदलानंतर संगणक नीट सुरू झाला नाही, तर ‘सेफ मोड’मध्ये जाऊन मूळ प्रारंभ-प्रकार परत देता येतो. कार्यालयातील किंवा संगणक प्रयोगशाळेतील संगणकांच्या सेवा अनेकदा मध्यवर्ती धोरणाने नियंत्रित केलेल्या असतात. तेथे प्रशासकाच्या संमतीविना असे बदल करणे उचित नसते.

सामान्यतः विचारात घेतल्या जाणाऱ्या सेवा

- अन्य कंपन्यांच्या अद्यतन व साहाय्यक सेवा : प्रिंटर, खेळ, फाइल-साठवण इत्यादींच्या प्रोग्रामबरोबर या सेवा येतात. संबंधित प्रोग्राम वापरात नसेल तर सेवा बंद करण्यापेक्षा तो प्रोग्रामच काढून टाकणे श्रेयस्कर ठरते.
- विंडोज सर्च : फाइलींची शोधसूची तयार ठेवते. हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर सूची बनत असताना वेग मंदावतो. सेवा बंद केल्यास फाइलींचा शोध स्वतः मंद होतो. म्हणून सूचीत समाविष्ट फोल्डरांची संख्या कमी करणे हा मध्यममार्ग असतो.
- सिसमेन : व्हिस्टामध्ये ‘सुपरफेच’ या नावाने आलेली ही सेवा वारंवार वापरले जाणारे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवते. काही संगणकांवर ती डिस्कचा वापर वाढवते. अन्यत्र ती बंद केल्यास प्रोग्राम उघडण्यास अधिक वेळ लागू शकतो.
- प्रिंट स्पूलर : प्रिंटर नसलेल्या संगणकावर बंद ठेवता येते. पीडीएफ स्वरूपात ‘छापण्या’ची सुविधाही याच सेवेवर अवलंबून असते.
- फॅक्स : बंद करण्याच्या याद्यांत या सेवेचे नाव नेहमी आढळते. मात्र तिचा मूळ प्रारंभ-प्रकार ‘मॅन्युअल’ असल्याने ती सहसा चालूच नसते आणि ‘डिसेबल्ड’ केल्याने वेग वाढत नाही.

बंद करू नयेत अशा सेवा

‘रिमोट प्रोसिजर कॉल’ या सेवेवर विंडोजमधील बहुसंख्य सेवा अवलंबून असतात. नावातील ‘रिमोट’ या शब्दामुळे ती केवळ दूरस्थ वापरासाठी आहे असा गैरसमज होतो. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ किड्याच्या हल्ल्यात ही सेवा कोसळत असे, तेव्हा विंडोज ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून संगणक बंद करून पुन्हा सुरू करत असे. ‘डीएचसीपी क्लायंट’ थांबल्यास बहुतेक घरगुती नेटवर्कवर संगणकाला आयपी पत्ता मिळत नाही. ‘विंडोज ऑडिओ’ थांबल्यास आवाज बंद होतो, तर ‘क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस’ थांबल्यास अद्यतनांच्या सत्यतेची पडताळणी अडते. ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल’ ही सेवा थांबवण्यास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. तसे केल्यास स्टार्ट मेन्यूसारखे भाग बिघडू शकतात.

मराठी टंकन करणाऱ्यांच्या दृष्टीने विंडोज १० मधील ‘टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनेल’ ही सेवा महत्त्वाची आहे. तिच्या नावावरून ती केवळ स्पर्शपडद्याच्या संगणकांसाठी असावी असे वाटते. प्रत्यक्षात मजकूर टंकण्याच्या आणि कळफलकाची भाषा बदलण्याच्या व्यवस्थेशीही ती निगडित आहे. ती बंद केल्यास स्टार्ट मेन्यूतील शोधचौकटीत आणि काही प्रोग्राममध्ये टंकनच अडू शकते.

सुरक्षेवरील परिणाम

वेग वाढवण्यासाठी ‘विंडोज अपडेट’ सेवा कायमची बंद ठेवण्याची पद्धत धोकादायक मानली जाते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीतील त्रुटीवर अद्यतन प्रसिद्ध केले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने त्याच त्रुटीचा फायदा घेऊन अद्यतन न केलेले संगणक बाधित केले. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’नेही अन्य मार्गांबरोबर हीच त्रुटी वापरली. त्या वेळी नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

सुरक्षा सेवांचे महत्त्व हल्लेखोरांच्या वर्तनातूनही दिसते. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला ‘कॉन्फिकर’ हा किडा संगणकात शिरल्यावर स्वयंचलित अद्यतन आणि विंडोज डिफेंडर या सेवा स्वतः बंद करत असे. वेगासाठी या सेवा बंद करणारा वापरकर्ता संगणकाला त्याच अवस्थेत नेऊन ठेवतो.

दुसरीकडे, अनावश्यक सेवा बंद केल्याने संरक्षणही मिळते. २०२१ च्या उन्हाळ्यात प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने प्रसिद्ध झालेली गंभीर त्रुटी उघड झाली. अद्यतन उपलब्ध होईपर्यंत ही सेवा बंद ठेवण्याचा तात्पुरता उपाय मायक्रोसॉफ्टने सुचवला होता. छपाईची गरज नसलेल्या संगणकांवर आणि सर्व्हरवर ज्यांनी ती आधीच बंद ठेवली होती, ते या धोक्यापासून दूर राहिले.

अन्य ऑपरेटिंग सिस्टिममध्ये

बहुतेक लिनक्स वितरणांत सेवांचे व्यवस्थापन ‘सिस्टमडी’ करते. तिच्या विश्लेषण-साधनाने प्रत्येक सेवेला सुरू होण्यास किती वेळ लागला याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. मात्र एखाद्या सेवेचा वेळ दुसऱ्या सेवेची वाट पाहण्यातही गेलेला असू शकतो. मॅकओएसमध्ये २००५ पासून ‘लाँचडी’ हे काम पाहते. अँड्रॉइडने २०१७ मधील ८.० या आवृत्तीपासून पार्श्वभूमीवर चालणाऱ्या ॲपवर मर्यादा घातल्या. त्यामुळे तेथे या निवडीचा मोठा भाग वापरकर्त्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमच करते.

मर्यादा

संगणकाच्या मंदपणाची कारणे पुष्कळदा सेवांच्या बाहेर असतात. अपुरी मेमरी, भरत आलेली किंवा बिघडू लागलेली डिस्क, धुळीमुळे तापणारा प्रोसेसर, एकाच वेळी चालणारे दोन विषाणूरोधक प्रोग्राम, ब्राउझरमधील विस्तार आणि लॉगिननंतर आपोआप उघडणारे प्रोग्राम यांचा त्यांत समावेश होतो. शेवटचा प्रकार सेवांहून वेगळा असून विंडोज ८ पासून तो टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागातून नियंत्रित करता येतो. हे प्रोग्राम थांबवणे सेवा बंद करण्यापेक्षा कमी जोखमीचे असल्याने सुरुवात तेथून करणे सोयीचे ठरते. हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकात सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवल्याने पडणारा फरक सेवांमधील बदलांपेक्षा सामान्यतः बराच मोठा असतो.

हे सुद्धा पहा

- ऑपरेटिंग सिस्टिम
- मायक्रोसॉफ्ट विंडोज
- टास्क मॅनेजर
- संगणक सुरक्षा
- सॉलिड स्टेट ड्राइव्ह